हल्क नव्हे, मंगळावरचा जॉन

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, तो हल्क नाही.

माझ्या ऑफिसच्या टेबलावर, स्क्रीनच्या डाव्या बाजूला, कॅल्क्युलेटरच्या शेजारी वीतभर उंचीचा एक हिरवा बाहुला उभा असतो. जीएसटीचे कागद घेऊन येणारा प्रत्येक क्लायंट आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, “हल्क ना?” मी नाही म्हणते. “मग कोण?” मी नाव सांगते. त्यावर चेहरा कोरा. आणि मग ठरलेला शेवटचा प्रश्न: “ठेवायचाच होता, तर सुपरमॅन का नाही ठेवलात?” एरवी मी हसून बिलांकडे वळते. आज जरा सविस्तर सांगते.

हा अमेरिकन कॉमिक्समधला एक सुपरहिरो. त्याचं नाव जॉन जोन्झ, बिरुद मार्शन मॅनहंटर. राहणार मंगळ. डोक्यावर एक केस नाही, भुवयांचं हाड पागोळीसारखं पुढे आलेलं, उघड्या छातीवर तांबड्या पट्ट्यांची फुली आणि पाठीला निळा झगा. हा वेश ज्याने बेतला त्याला कोपरापासून नमस्कार. इंग्रजीत त्याच्या नावात मध्येच अपॉस्ट्रॉफी टोचलेल्या असतात, म्हणजे नाव परग्रहावरचं दिसावं. देवनागरीत लिहिलं की तो डौल उतरतो आणि उरतो जवळपास साधा जॉन जोन्स. पृथ्वीवर आल्यावर टोपणनाव म्हणून तो घेतो तेही हेच. हवं ते रूप घेणारा, भिंतीतून आरपार जाणारा, दुसऱ्याच्या मनातलं वाचणारा हा गडी, पण नाव काही धड लपवता आलं नाही.

१९५५च्या नोव्हेंबरमध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २२५व्या अंकात तो पहिल्यांदा छापला गेला. अंक बॅटमॅनचा, आणि हा मागच्या पानांवरचा भाडेकरू. लेखक जोसेफ सॅमॅकसन, चित्रकार जो सर्टा. गोष्ट अशी की डॉ. एर्डेल नावाचा एक शास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेत एक भलंमोठं यंत्र चालू करतो, आणि ते यंत्र थेट मंगळावरून एका प्राण्याला ओढून आणतं. समोर हा हिरवा, धिप्पाड. म्हातारा घाबरतो. मंगळावरचा पाहुणा समजूतदार, तो चटकन माणसाचं रूप घेतो, म्हणजे यजमानाला धक्का बसू नये. पण बसायचा तो बसलेलाच असतो. एर्डेल तिथेच प्राण सोडतो, आणि परतीची वाट ठाऊक असलेला पृथ्वीवरचा एकमेव माणूस त्याच्याबरोबर जातो.

आता यापुढे जॉन काय करतो ते बघा, कारण माझं त्याच्यावर मन बसलं ते इथे. तो आकाशाकडे बघून हंबरडा फोडत नाही. सूड घेत नाही, आणि घेणार तरी कुणाचा, बोलावणारा तर मेलाय. तो पोलीस खात्यात जाऊन नोकरी धरतो. मंगळावर गुन्हे केव्हाच संपलेत, इथे मात्र ढीगभर आहेत, तेव्हा परत जायची सोय होईपर्यंत तेवढंच काम करू, इतका साधा हिशोब. पुढची काही वर्षं जॉन जोन्स हा डिटेक्टिव्ह रोज ड्यूटीवर जातो, चोर पकडतो, वरिष्ठांना अहवाल देतो आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला संशयही येऊ देत नाही. जगाला त्याचा पत्ता लागतो तो १९५९ साली. सुपरहिरोंमध्ये मला हजेरीपटावर सही करणारा असा हा एकच ठाऊक होता. म्हणजे सुपरमॅनही क्लार्क केंट या नावाने नोकरी करतो, पण तो बातमीदार. कचेरीत टिकतो किती वेळ?

तर सुपरमॅन. त्याच्याशी माझं वैर नाही. १९३८पासून तो जे करतोय ते चांगलंच करतोय. पण त्याचा ग्रह क्रिप्टॉन फुटला तेव्हा तो तान्हा होता. कॅन्ससच्या शेतात वाढला, तिथलं दूध प्यायला, तिथल्या आईबापांनी त्याला चालायला शिकवलं. गेलेलं घर त्याने बघितलेलंच नाही, ते त्याला पुढे कुणीतरी सांगितलं. जॉन आला तो पुरा वाढलेला. त्याच्या डोक्यात अख्खा गाव आहे, आणि तो गाव दुसऱ्या कुणाच्या डोक्यात नाही.

हे मूळ गोष्टीत नव्हतं, हेही सांगायला हवं. १९५५च्या जॉनचं मागे काही बिघडलेलं नव्हतं. मंगळ नांदता होता, फक्त जायला गाडी नव्हती. तेव्हा असं लिहिता यायचं, कारण मंगळाचा चेहरा कुणी जवळून पाहिला नव्हता. १९६५च्या जुलैमध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने वीस-बावीस छायाचित्रं पाठवली. त्यात खड्डे. चंद्रावर असतात तसले, कोरडे. कालवे नाहीत, शहरं नाहीत, हिरवं काही नाही. चारच वर्षांनी, १९६९मध्ये, कॉमिक्समधला मंगळही यादवीत बेचिराख झाला आणि जॉन उरल्यासुरल्या माणसांना शोधायला निघून गेला. मरिनर बघूनच लेखकांनी असं केलं, असं मी म्हणत नाही. पण खरा मंगळ रिकामा निघाल्यावर खोट्या मंगळाला फार दिवस भाडेकरू मिळणार नव्हते, एवढं कळतं. पुढे आपल्या मंगळयानानेही फोटो पाठवले, त्यातही तांबडी जमीनच.

मधल्या काळातली त्याची कारकीर्द थोडक्यात उरकते. १९६०मध्ये जस्टिस लीग ही सुपरहिरोंची टोळी स्थापन झाली तेव्हा सात जणांत हा होता. सुरुवातीच्या गोष्टींत सुपरमॅन आणि बॅटमॅनला फारसं पुढे आणत नसत, त्यामुळे उडायचं, उचलायचं, फोडायचं काम याच्याकडे. मोठे साहेब नियमित यायला लागले तसा हा मागे पडला. कचेरीत काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुबळी बाजू म्हणाल तर आग. सुपरमॅनला निदान क्रिप्टोनाइट हा दगड लागतो, तो कुठूनतरी पैदा करावा लागतो. याला काडेपेटी पुरते. सुरुवातीच्या गोष्टींत हे सरळ सोयीचं होतं: हिरो फार ताकदवान झाला, तर त्याला कुठेतरी अडवायला हवं. आग दिसली की शक्ती गेल्या. का, ते कुणी विचारत नव्हतं.

ते विचारलं गेलं तीसेक वर्षांनी. १९८८मध्ये जे. एम. डीमॅटिस या लेखकाने चार भागांच्या मालिकेत सगळी गोष्ट उलटी करून मांडली. मंगळ साथीने मेला आहे. जॉनची बायको आणि मुलगी गेली आहे. एर्डेलने खेचून आणला तो पाहुणा दुःखाने वेडापिसा झालेला होता, आणि एर्डेलने त्याला सावरायला नव्या आठवणी दिल्या. आपण ओळखतो तो भुवयावाला चेहराही त्याचा खरा नाही. खरं रूप लांबट डोक्याचं, काटकुळं, माणसाला बघवणार नाही असं. पुढे १९९८मध्ये जॉन ऑस्ट्रँडर आणि चित्रकार टॉम मँड्रेक यांनी त्यात आणखी भर घातली. ही साथ जॉनच्या जुळ्या भावानेच सोडलेली होती, आणि ती पसरत होती मनातून मनात.

इथे जरा थांबा. मंगळावरची माणसं तोंडाने फारशी बोलतच नाहीत. एकमेकांच्या मनात त्यांची जा-ये असते, आपल्याकडे वाड्यात दारं दिवसभर उघडी असायची तशी. आणि रोग आला तो त्याच उघड्या दारांतून. ज्याच्या मनात शिरला तो पेटायचा. जो आपल्या माणसाच्या जवळ जाईल तो जाईल. वाचायचं तर मन बंद करायचं, म्हणजे जळणाऱ्या बायकोला आणि लेकीला बाहेर ठेवायचं. जॉन वाचलाय. कसा, हे आता वेगळं सांगायला नको.

हे वाचल्यावर मी जुने अंक पुन्हा काढून बसले, आणि काडेपेटीला हसणं बंद झालं. लेखक वेगळे, दशकं वेगळी, पहिल्यांना पुढच्यांची कल्पना नाही, आणि तरी १९५०च्या दशकातली एक बाळबोध सोय कुणीतरी उचलून तिच्या जागी दुखणं ठेवलं. कॉमिक्समध्ये अशी ठिगळं रोज लावतात आणि बहुतेक उसवतात. हे मात्र बसलं.

पण तो सदा रडका आहे असं समजू नका. माझा सर्वांत लाडका जॉन १९८७नंतरच्या ‘जस्टिस लीग इंटरनॅशनल’मधला आहे. तिथे लीग म्हणजे बिनकामाच्या भाच्यांनी भरलेलं घर, आणि हा त्यातला एकटा कर्ता मामा. ब्लू बीटल आणि बूस्टर गोल्ड हे दोन उपद्व्यापी कार्टे रोज काहीतरी नवीन भानगड करणार आणि हा कपाळाला हात लावणार. चित्रकार केव्हिन मॅग्वायरचं चेहऱ्यावर प्रभुत्व इतकं, की जॉनची नुसती एक उचललेली भुवई पुरते, खाली संवाद नसला तरी चालतं. ह्याच काळात त्याला चॉकलेट-क्रीमच्या बिस्किटांचं व्यसन लागलं. आधी ओरिओ, मग पुढच्या अंकांतून त्याचं नाव बदलून ‘चोकोज’ झालं. पुढे एका अंकात ते दोघे त्याची बिस्किटं लपवतात आणि हा शांतब्रह्म माणूस जो काही पिसाळतो! आग सोसेल, भाऊ सोसेल, पण बिस्किटं? मला हे फार खरं वाटतं. मोठं दुःख ज्याने गिळलंय त्याचा तोल अशाच कशावर तरी जातो: चहात साखर कमी पडली, वर्तमानपत्राची घडी कुणी मोडली.

टीव्हीवरच्या कार्टूनमधला जॉन तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, कार्ल लंबलीच्या खोल आवाजातला. २००३च्या एका नाताळच्या भागात सुपरमॅन त्याला सणासाठी आपल्या आईवडिलांच्या घरी, कॅन्ससला घेऊन जातो. जॉनला तिथे अवघडायला होतं. सण आपला नाही, माणसं आपली नाहीत, हसायचं कशावर तेही कळत नाही. शेवटी रात्री घरच्यांना गाण्याचा आवाज येतो. बघतात तर जॉन आपल्या मूळ रूपात बसून मंगळाच्या भाषेत गातोय, आणि ऐकायला घरातलं मांजर. खाली भाषांतर दाखवलेलं नाही. तो शहाणपणा करणाऱ्याला मी आजही दुवा देते.

सिनेमावाल्यांना मात्र तो जमला नाही. २०२१ साली आलेल्या चार तासांच्या ‘जस्टिस लीग’मध्ये तो सुपरमॅनच्या आईचं रूप घेऊन सुपरमॅनच्या प्रेयसीचं, लॉइसचं, सांत्वन करायला जातो. म्हणजे नवरा व्हायचा तो माणूस गेलाय, बाई कोसळलीय, आणि होणारी सासू म्हणून दारात कोण, तर हा. हेतू चांगला असेल. पण ज्याच्या समाजात मनाची दारं उघडी असत त्याला कुणाच्या दुःखात खोटा चेहरा घालून शिरणं सुचेल, हे मला पटलं नाही, आणि पटायचं नाही.

काही जणांना वाटतं, मी स्वतः पुण्याची, लग्नानंतर चेन्नईला आले, इथे मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून मला हा जवळचा. माझ्या बहिणीचं तर हे ठाम मत आहे. ऐकायला छान आहे, पण खोटं आहे. मी गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी पुण्यात. फोन लावला की आई भाजीत काय घातलं इथपासून सुरू करते. आठवड्याला तीनदा मी तिला म्हणते, आई, आता ठेव. जॉनशी तुलना करायला मला लाज वाटेल. मला तो आवडतो तो त्याच्या कामामुळे. नको तिथे येऊन पडला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

ताकद कुणाची जास्त, असं भाचा विचारतो. मनात शिरायचं म्हटलं तर जॉन भारी, हाणामारीत सुपरमॅन, आणि जवळ काडेपेटी असेल तर तू, असं मी त्याला सांगितलंय.

आमच्या ऑफिसात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. कॉम्प्युटरला, प्रिंटरला, कुलपाला, झाडून सगळ्याला चंदन-कुंकू लागतं, फुलं वाहतात, आणि मग ताटात कापूर पेटवून प्रत्येक टेबलापाशी ओवाळतात. पहिल्या वर्षी मी गमतीत आमच्या ऑफिसातल्या अण्णांना म्हटलं होतं, याला आग चालत नाही. ते हसले नाहीत, नुसती मान हलवली. तेव्हापासून दर वर्षी ताट माझ्या टेबलाशी आलं की अण्णा आधी ते खाली ठेवतात, बाहुला उचलून पलीकडे फाइलींच्या कपाटावर भिंतीकडे तोंड करून उभा करतात, आणि मग कापूर लावतात.