साधं पाणीसुद्धा चेहऱ्याला झोंबलं, त्यानंतरचे आठ महिने

मार्च संपत आला होता. सकाळी बेसिनपाशी तोंडावर गार पाणी मारलं आणि दोन्ही गालांची आग आग झाली. वाटलं, रात्री मिरच्या चिरल्या होत्या, हाताला तिखट राहिलं असेल. हात साबणाने धुतले, पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर गाल लाल, आणि त्यांवर ताणून बसवलेल्या प्लॅस्टिकसारखी एक चकाकी. ती चकाकी मी आठवडाभर आनंदाने बघत होते. चेहरा उजळायला लागला, अशी माझी समजूत होती.

धाकट्या नणंदेचं लग्न वैशाखात होतं आणि हातात जेमतेम सहा आठवडे होते. मी पुण्यात दुचाकीने नोकरीला जाते. स्कार्फ बांधला तरी ऊन आणि धूळ लागतेच, चेहरा काळवंडल्यासारखा दिसायचा. म्हणून तीन गोष्टी एकदम सुरू केल्या. अक्रोडाच्या कवचाची पूड असलेला स्क्रब एक दिवसाआड, मेलेली कातडी सोलणारं १० टक्के ग्लायकॉलिक ॲसिडचं टोनर रोज रात्री, आणि रविवारी लिंबाच्या फोडीवर साखर घेऊन नाक आणि हनुवटी घासायची. त्यात पार्लरमध्ये जाऊन थ्रेडिंग आणि ब्लीच करून आले. यातली प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी सांगितलेली होती. सगळ्या एकत्र करायला मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो याबद्दल नव्हताच. "मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून लावलीय का? गोरं होण्याची, डाग जाण्याची? घरात असेल तर तिचा फोटो दाखवा." मी लावली नव्हती. पण त्या का विचारत होत्या ते कळल्यावर मला माझ्या चुलतबहिणीची आठवण झाली, ती अशीच एक ट्यूब लावायची. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा खरंच नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटून उठतो. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सहज हाती पडतात. ज्यांच्या चेहऱ्याची अशी आग होतेय त्यांनी स्क्रबचा विचार करण्याआधी ती ट्यूब डॉक्टरांना दाखवावी, असं मी अगदी कळकळीने सांगते.

मग बाईंनी माझ्या कागदाच्या मागे एक भिंत काढली. विटा म्हणजे वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी आणि विटांमधला चुना म्हणजे सिरॅमाइडसारखी स्निग्ध द्रव्यं. ही सगळी भिंत कागदाहूनही पातळ असते. खाली नवी पेशी तयार होते, ती वर सरकत येते आणि शेवटी आपोआप गळून पडते. तरुणपणी या प्रवासाला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढेल तसे जास्त. एक्सफोलिएशन म्हणजे या गळण्याला दिलेला हलकासा हातभार. मी मात्र भिंतीवरची धूळ झाडता झाडता चुनाच खरवडून काढला होता, म्हणून साधं पाणीही आत झोंबत होतं.

लिंबाचं तर त्यांनी अगदी समजावून सांगितलं. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, पीएच (आंबटपणा मोजायचं माप, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट) साधारण ४.५ ते ५.५. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास. ऐकायला दोन-तीन अंकांचा फरक, पण यातला प्रत्येक अंक दहा पटींचा असतो, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा शेकडो पट आंबट. शिवाय लिंबात असे घटक असतात की ते अंगावर राहून ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि तिथे काळे चट्टे उठतात. खायचा सोडा चोळणाऱ्या बायका उलट्या बाजूने तेच नुकसान करतात, कारण तो अल्कधर्मी. ग्लायकॉलिक ॲसिड ऐकून मला आधी बरं वाटलं होतं, कारण ते उसात असतं आणि मी सांगलीकडची, उसाच्या फडाशेजारी वाढलेली. पण कातडी सोलायला वापरतात त्या ॲसिडांमध्ये त्याचा रेणू सगळ्यांत लहान. त्यामुळे ते भराभर आत शिरतं आणि चुरचुरतंही जास्त.

आणि एक गोष्ट त्या दोनदा बोलल्या. गोऱ्या कातडीचा लालपणा बऱ्याचदा काही दिवसांत उतरतो आणि विषय संपतो. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेला इजा झाली की ती तिथे रंगद्रव्य ओतते. आग काही दिवसांत थांबते, डाग कित्येक महिने राहतो. परदेशी व्हिडिओ बघून आपण पद्धत उचलतो, तेव्हा हा फरक कुणी सांगत नाही.

उपचार म्हणजे सगळं बंद. स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सी, फेसपॅक, ब्लीच, गुलाबपाणीसुद्धा. बिनवासाचं सौम्य क्लेन्झर, चेहरा ओलसर असतानाच सिरॅमाइडचं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. पहिले चार दिवस सनस्क्रीनही झोंबलं, तेव्हा त्यांनी झिंक ऑक्साइडचं बदलून दिलं. दहाव्या-बाराव्या दिवशी पाणी झोंबायचं थांबलं आणि त्याच सुमारास दोन्ही गालफडांवर तपकिरी डाग उमटले.

लग्नात ते डाग होते. हळदीच्या दिवशी चुलत सासूबाई ताट घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हटलं, "काकू, मला हाताला आणि पायाला लावा, तोंडाला नको." त्यांना ते आवडलं नाही. "हळदीनं कधी कुणाचं वाईट झालंय का?" एवढ्या बायकांसमोर नाही म्हणणं जड गेलं. पण हळद लावताना ती नुसती लावत नाहीत, चोळतात, आणि मला त्या चोळण्याची भीती होती. शेवटी माझ्या सासूबाईंनीच त्यांचा हात धरून माझ्या पायावर नेला.

लग्नाची गडबड संपल्यावर एका रविवारी घरात एक साधी चाचणी केली. सगळ्यांनी सौम्य क्लेन्झरने तोंड धुतलं आणि तासभर काहीही लावलं नाही. मोठ्या नणंदेचा मुलगा बारावीसाठी आमच्याकडे राहतो, त्याचं कपाळ, नाक आणि गालसुद्धा तासाभरात तेलकट. सासूबाईंचा चेहरा ताणलेला, ओठांच्या कडेला बारीक पापुद्रे. माझं कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे. माझी धाकटी बहीण आली होती, तिला लहानपणापासून एक्झिमा, म्हणजे इसब. तिला चाचणीची गरजच नव्हती, तिच्या मानेवर तेव्हाही खाज होती. चार माणसं, चार तऱ्हेच्या त्वचा. आणि तोवर मोरीतल्या कपाटात सगळ्यांसाठी स्क्रबची एकच डबी होती. ती मी त्या दिवशी टाकून दिली.

भाच्याला घेऊन पुन्हा त्याच बाईंकडे गेले. तो मुरुमांवर दिवसातून दोनदा दाणेदार स्क्रब घासायचा, फोड फुटायचे आणि सूज वाढायची. मुरुम हा मळामुळे होतो अशी त्याची पक्की समजूत होती, आणि ती त्याला आम्हीच दिलेली, "तोंड नीट धूत जा" म्हणून म्हणून. त्याला २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं फेसवॉश दिलं. हे ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून तेलाने बुजलेल्या रंध्रांच्या आत जाऊ शकतं. लॅक्टिक, ग्लायकॉलिक पाण्यात विरघळणारी, ती मुख्यतः वरवर काम करतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का हेही त्याला विचारलं, कारण दोन्ही एकाच कुळातली. रात्री मुरुमांवरचं ॲडापॅलीन जेल, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. ते सुरू केल्यावर त्याची हनुवटी सोलायला लागली, तेव्हा फेसवॉश एक दिवसाआड केलं, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने जातील हे डॉक्टरांनी त्याच्या तोंडावर स्पष्ट सांगितलं. ती ट्यूब घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही असंही बजावलं. गरोदरपणात तर ॲडापॅलीन टाळायचंच असतं. मसाल्याच्या डब्यासारखी औषधाची ट्यूब सगळ्या घराची होते, म्हणून हे लिहून ठेवते.

सासूबाईंचं मन वळवायला वेळ लागला. त्या ६४ वर्षांच्या, गालांवर वांग. वांग जावेत म्हणून मिक्सरवर काढलेलं मसूर डाळीचं पीठ सायीत कालवून जोर लावून घासायच्या. मी त्यांच्या बोटांवर चिमूटभर पीठ ठेवलं आणि म्हटलं, "आई, हे चोळून बघा, रव्यासारखं टोचतंय." वांग वरच्या पापुद्र्यात नसतात, घासून निघत नाहीत. उलट घासण्याने आणि उन्हाने गडद होतात. नुसत्या अतिनील किरणांनी नाही, उन्हातल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही होतात, म्हणून त्यांना आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन सांगितलं. एक्सफोलिएशन म्हणून आठवड्यातून एकदा जुन्या धोतराचा मऊ तुकडा कोमट पाण्यात भिजवून, पिळून, चेहऱ्यावरून नुसता फिरवायचा, दाबायचं नाही. लगेच मॉइश्चरायझर. पापुद्रे निम्म्याहून कमी झाले ते मॉइश्चरायझरने, कापडाने फार नाही, असं माझं निरीक्षण. कोरड्या त्वचेचे पापुद्रे बघून आपला हात घासायला जातो, तिला बहुतेक वेळा ओलावा हवा असतो.

बहिणीला एक्झिमा उठलेला असताना काहीच करायचं नाही असं सांगितलं. शांत असताना पुढे कधी वाटलंच तर ग्लुकोनोलॅक्टोन हे सौम्य ॲसिड, कारण त्याचा रेणू मोठा, हळू आत जातो. तिने अजून लावलेलं नाही आणि तिचं काही अडलेलं नाही.

माझं एक्सफोलिएशन जूनच्या शेवटी पुन्हा सुरू झालं, ५ टक्के लॅक्टिक ॲसिडने. आधी दोन रात्री कानामागे थेंबभर. मग दोन रात्री जबड्याच्या कडेला. काही झालं नाही तेव्हा कुठे चेहऱ्यावर, रविवारी रात्री, आठवड्यातून एकदाच. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या त्वचेत ॲसिड लवकर शिरतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवती आधी पेट्रोलियम जेली. गालांवर आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर आणि मग ॲसिड, म्हणजे धार कमी होते. मिनिटभर हलकं चुणचुणलं तर चालतं, आग झाली तर लगेच धुऊन टाकायचं. त्या रात्री दुसरं कुठलंही औषधी सीरम नाही. थ्रेडिंगच्या आधी आणि नंतर चार दिवस नाही. उन्हात भाजून आले असेन तर तो रविवार सोडायचा.

सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांवर लांब रेघ ओढून निघेल तेवढं. ॲसिड लावणं थांबवल्यावरही साधारण आठवडाभर त्वचा उन्हाला हळवी राहते, त्यामुळे 'काल लावलं नव्हतं' ही सबब चालत नाही. स्कार्फही बदलला. आधीचा खरखरीत सिंथेटिक होता, तो रोज दोन वेळा गालफडांवर घासला जायचा, नेमका डागांवर. आता मऊ सुती आहे आणि रोज धुते.

दिवाळीच्या आधी सासूबाईंनी उटणं कालवायला घेतलं. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल. मी काही बोलणार तोच त्यांनी पेटीतलं जुनं व्हॉइलचं फडकं काढलं आणि सगळी पूड वस्त्रगाळ केली. फडक्यावर उरलेला चोथा मला दाखवला, चांगला मूठभर होता. नरक चतुर्दशीला पहाटे भाच्याच्या पाठीला, हातापायांना तेल-उटणं लावलं आणि चेहऱ्यापाशी त्या थांबल्या. "तुझ्या तोंडाला नको रे, तुझं ते औषध चालू आहे."

माझ्या उजव्या गालावरचा डाग गेला. डाव्या गालावरचा खिडकीच्या उजेडात अजून दिसतो, एप्रिलमध्ये होता त्याच्या अर्धा असेल. परवा रविवार आहे, पण शनिवारी शिवारात हुरड्याला जायचंय, दिवसभर उन्हात. बाटली पुढच्या रविवारी काढेन.