जुन्या धाटणीची चाकं, नव्या गाडीचे ब्रेक

फुक्सच्या पाच पाकळ्या, मिनीलाइटचे आठ आरे, टॉर्क थ्रस्टचे पाच दांडे आणि बीबीएस आरएसची जाळी. नव्या स्पोर्ट्स कारला जुन्या वळणाचं चाक घालायचं म्हटलं की निवड बहुतेक या चार गाजलेल्या चाकांतच फिरते. डिझाइन निवडणं हा सोपा भाग. अवघड असतं ते प्रमाण.

१९६६ साली पोर्शे ९११ एसबरोबर आलेलं फुक्स चाक १५ इंची आणि जेमतेम साडेचार इंच रुंद होतं. त्यावर १६५ एचआर१५ टायर, म्हणजे रबराची भिंत सुमारे १३ सेंटिमीटर. आजच्या ९११ करेरा एसला पुढे २४५/३५ आर२० टायर येतो: रुंदी २४५ मिमी, भिंत रुंदीच्या ३५ टक्के, रिम २० इंची. त्याची भिंत ८६ मिलिमीटर. त्याच पाकळ्या २० इंचांपर्यंत ताणल्या की त्या पंख्याची पाती दिसायला लागतात. जुनेपण येतं ते छोटी रिम आणि भरपूर रबर यांतून. म्हणून आमचं मत ठाम आहे: ब्रेक परवानगी देतील तितका लहान व्यास घ्या. पुण्याच्या रस्त्यांवर त्याचा दुसरा फायदा सांगायलाच नको.

व्यास कमी करताना टायरचा बाहेरचा घेर बदलू द्यायचा नाही. पोर्शे ७१८ ला कंपनीचेच दोन्ही आकार आहेत: पुढे २३५/४० आर१९ ऐवजी २३५/४५ आर१८ घातला तर बाहेरचा व्यास ६७०.६ वरून ६६८.७ मिमी होतो. मागे २६५/४० आर१९ ऐवजी २६५/४५ आर१८ घातला तर ६९४.६ वरून ६९५.७. मस्टँग जीटीचा पुढचा २५५/४० आर१९ बदलून २५५/४५ आर१८ केला तर फरक ०.१ मिमी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या घेराचं गुणोत्तर बिघडलं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही कुरकुरतात, तिथे दोन्ही जोड्या एकत्रच मोजा.

आता ब्रेक. १८ इंची रिमवर टायरची कड बसते तो व्यास ४६२ मिमी. पण टायर चढवता यावा म्हणून रिमला मध्ये खोलगट भाग असतो. ती खोली आणि धातूची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत ४१५ मिमीच्या आसपास मोकळी जागा उरते. ३८० मिमी डिस्कवर सहा पिस्टनचं कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) असेल तर ते तिथे मावणार नाही. ३५० च्या आसपासची डिस्क असेल तर मावतं, पण काठावर. व्यासाइतकीच दुसरी बाजूही महत्त्वाची: आजची कॅलिपरं बाहेरच्या दिशेला फुगलेली असतात, त्यामुळे आरे सपाट ठेवता येत नाहीत. चाक बनवणाऱ्याकडून ब्रेक टेम्प्लेट, म्हणजे चाकाच्या आतल्या आकाराचा नमुना मागा, तो खऱ्या मापात जाड पुठ्ठ्यावर छापा आणि हबवर (चाक जिथे बोल्टने बसतं त्या भागावर) धरून फिरवा. रिमच्या आतल्या बाजूला किमान ३ मिमी, आऱ्यांपाशी ४-५ मिमी मोकळं हवं. चाक हातात आल्यावर कॅलिपरवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवून हाताने एक फेरा द्या; गोळा जिथे चेपेल तिथे उरलेली जाडी व्हर्नियरने मोजा. चिकटवायची बॅलन्सिंगची वजनंही ४ मिमी जागा खातात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

खोल लिप, म्हणजे रिमची बाहेरची रुंद कड, सगळ्यांनाच हवी असते, आणि नेमकी तीच पुढच्या चाकाला मिळत नाही. कारण ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबवर बसणाऱ्या भागाचं मिलिमीटरमधलं अंतर; चाकावर ते ‘ईटी’ म्हणून लिहितात. जुन्या गाड्यांत हबवर बसणारा भाग रिमच्या मध्याजवळ असे; आता तो बाहेरच्या बाजूला, ईटी ४५ ते ५७ च्या घरात असतो. हिशोब साधा आहे. ८.५ इंच रुंद, ईटी ५० चं चाक आत १०७.९५ + ५० = १५७.९५ मिमी जातं आणि बाहेर १०७.९५ − ५० = ५७.९५ मिमी येतं. त्याजागी ९ इंच, ईटी ४५ घेतलं तर आत १५९.३, बाहेर ६९.३. म्हणजे सस्पेन्शनकडे १.३५ मिमी आणि फेंडरकडे (मडगार्डकडे) तब्बल ११.३५ मिमी. हा आकडा फेंडरच्या कडेशी ताडून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. लिपची हौस मागच्या चाकावर भागवा. मागे रुंदी जास्त असते. पुढे दोन-अडीच सेंटिमीटर मिळाली तरी खूप.

बनावटीबद्दल थोडक्यात. ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमचं फोर्ज्ड (दाबून घडवलेलं), एकसंध चाक घ्यावं. पातळ आरे हवे असतील तर ओतीव चाकाला तेवढ्या ताकदीसाठी जाडी लागते आणि जुन्या डिझाइनचं नाजूकपण तिथेच जातं. तीन तुकड्यांचं, बोल्ट दिसणारं चाक फोटोत सुंदर. पण त्याचं सील सिलिकॉनचं असतं. खड्ड्यात आतली कड वाकली की हवा हळूहळू जाते आणि टायरवाला व्हॉल्व्ह बदलत बसतो. नाना पेठेत ‘सेम टु सेम’ म्हणून मिळणाऱ्या चाकांच्या आऱ्यांमागे बघा: आकार, ईटी, पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि किलोतली भारक्षमता कोरलेली हवी. दाराच्या खांबावरच्या पट्टीत मागच्या आसाचा कमाल भार ९०० किलो असेल तर प्रत्येक चाक किमान ४५० चं. आम्ही ५५० च्या खाली जाणार नाही. भारतात अलॉय चाकांसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे. वळणाचा थकवा, उभा भार आणि धडक या तिन्ही चाचण्यांचे अहवाल दाखवायला विक्रेता का कू करत असेल तर तिथून निघा.

बोल्टकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि चाक निखळतं ते तिथूनच. पोर्शेचा पीसीडी ५ × १३०, मधलं भोक ७१.६ मिमी, बोल्ट एम१४ × १.५, आणि बोल्टची बैठक गोलाकार. बाहेरून घेतलेल्या चाकांची बैठक पुष्कळदा ६० अंशांची शंकूसारखी असते. गोल बोल्ट शंकूत बसवला तर धातू एका बारीक रेषेवरच टेकतो. टॉर्क पान्हा १६० न्यूटन मीटरला टक्क वाजतो, पण बोल्ट ढिला होतोच. चाकाबरोबर त्याच बैठकीचे बोल्ट मागवा. मधलं भोक मोठं असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) घाला, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि दोष बॅलन्सिंगला दिला जातो.

रंगकामातही हाच घोटाळा होतो. पावडर कोटिंग बोल्टच्या बैठकीवर आणि हबला टेकणाऱ्या तोंडावर चढलं तर काही दिवसांत ते दबतं आणि टॉर्क उतरतो. ते भाग आणि मधलं भोक झाकूनच रंग द्यायला सांगा. भट्टी २०० अंशांच्या वर नको, वेळही मोजूनच. टी६ चा कडकपणा उष्णतेनेच आलेला असतो आणि जास्त भाजलं की उष्णतेनेच जातो. फुक्सचा अस्सल साज म्हणजे अ‍ॅनोडाइज केलेल्या चंदेरी कडा आणि पाकळ्यांमधला काळा रंग. पूर्ण क्रोम केलं तर ते लग्नाच्या गाडीचं चाक वाटतं. उघडी पॉलिश केलेली लिप पावसाळ्यात पांढरी पडते, म्हणून साटिन बरी. टँकरच्या पाण्याने गाडी धुत असाल तर लगेच पुसा, क्षारांचे डाग नंतर निघत नाहीत.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, बोल्ट हाताने सुरू करा आणि ताऱ्याच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळा. इम्पॅक्ट गन फक्त काढायला. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा, मग खालच्या आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन दाबा आणि फेंडरची आतली कड तपासा. बरीच घासाघीस सोसायटीच्या गतिरोधकावरच होते. टायर प्रेशरचे सेन्सर जुन्या चाकांतून काढून घालायचे असतील तर नवं व्हॉल्व्हचं भोक ११.३ मिमी आहे का ते आधी बघा. पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर, चाकं थंड असताना, पुन्हा टॉर्क तपासा. वरंधा किंवा ताम्हिणी घाट त्यानंतर.

कंपनीचे जुने बोल्ट फेकू नका. गाडीत छोटी स्टेपनी असेल तर तिला तेच लागतील, नव्या चाकाचे बसणार नाहीत. ते पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून, लॉक बोल्टच्या चावीसोबत डिकीत ठेवा.