कॉनी मॅकची वही : १९२९ च्या सिरीजपर्यंत

अमेरिकन बेसबॉलमधला मॅनेजर कॉनी मॅक याच्या मॅचेस मी स्कोअरशीटवर उतरवतोय; त्याच्या कारकिर्दीची ही वही १९२९ च्या वर्ल्ड सिरीजपर्यंत (सीझनअखेरच्या विजेतेपदाच्या लढतीपर्यंत) आली. वॉशिंग्टन, बफेलो आणि पिट्सबर्गची पानं आधीच भरून झाली होती. मॅनेजर मॅकबद्दल भरभरून बोललं जातं, पण कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) मॅककडे कुणी फारसं वळत नाही. माझ्या मते त्याच्या मॅनेजरकीचं मूळ तिथंच आहे.

खरं नाव कॉर्नेलियस मॅकगिलिकडी, जन्म १८६२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट ब्रुकफील्डचा. १८८६ मध्ये तो वॉशिंग्टनकडून नॅशनल लीगमध्ये उतरला. बॅटिंग बेताचीच, पण प्लेटमागे, म्हणजे कॅचरच्या जागेवर, पक्का बेरकी. त्या काळी फाउल टिप (बॅटची कड लागून सरळ मागे गेलेला चेंडू) कॅचरने झेलली की स्ट्राइक (एरवी तीन झाल्या की बाद) कितीही असोत, बॅटर बाद. मग हा पठ्ठ्या चेंडू हातात येताना बॅटची कड लागल्याचा आवाज काढायचा आणि अंपायर फसायचा! १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीग काढली, तेव्हा त्याने साठवलेले पैसे बफेलोच्या संघात घातले. लीग वर्षभरात गुंडाळली, पैसे गेले. १८९१ पासून पिट्सबर्ग आणि १८९४ मध्ये तिथंच खेळाडू-मॅनेजर.

१९०१ ते १९५० मॅनेजर म्हणून फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स. डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर) कोट-टाय घालून बसायचं आणि हातातलं स्कोअरकार्ड हलवून फील्डर सरकवायचे. बॅटर बघून फील्ड लावायची ही नजर प्लेटमागेच तयार झाली असणार.

१९२९ ची पहिली मॅच लिहिताना हे फार जाणवलं. ग्रोव्ह आणि अर्नशॉसारखे नावाजलेले पिचर (चेंडू टाकणारे) हाताशी असताना मॅकने चेंडू दिला पस्तिशीच्या हॉवर्ड एम्केला. सीझनच्या अखेरीस त्याला संघासोबत न नेता सिरीजमधल्या प्रतिस्पर्धी शिकागो कब्जचे बॅटर पाहायला बसवलं होतं. हॉर्न्सबी, विल्सन, कायलर, स्टीफनसन, सगळे उजव्या हाताचे. एम्केचे संथ, बाजूने येणारे चेंडू त्यांना झेपले नाहीत. १३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), तेव्हाचा सिरीजमधला विक्रम. असा पिचर निवडायला कॅचरचंच डोकं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो १२ ऑक्टोबरच्या चौथ्या मॅचच्या सातव्या इनिंगने. अ‍ॅथलेटिक्स ०-८ ने मागे. सिमन्सचा होम रन, मग फॉक्स, मिलर, डाइक्स, बोली, एकामागून एक सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा फटका). बर्न्स बाद, बिशपचा सिंगल. मग हासचा फटका सेंटर फील्डला गेला, हॅक विल्सनला उन्हात चेंडू दिसलाच नाही आणि तिघे धावून घरी आले. ७-८. कोक्रनला वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकटात पहिला बेस), सिमन्स, फॉक्स पुन्हा सिंगल, बरोबरी. मिलरला पिचरचा चेंडू लागला, तोही फुकटात पहिल्या बेसवर, डाइक्सचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा फटका), १०-८. एकूण १५ बॅटर! स्कोअरशीटवर एका रकान्यात नऊच मावतात, म्हणून उरलेले सहा आठव्याच्या रकान्यात ढकलले. अ‍ॅथलेटिक्सची आठवी इनिंग त्यामुळे नवव्याच्या रकान्यात गेली. तुम्ही हाताने लिहीत असाल तर बाण काढून ठेवा, नंतर गोंधळ होत नाही.

आता मागे जाऊन १९१५ आणि १९१६ घेतोय. १९१४ च्या सिरीजमध्ये बोस्टनकडून ०-४ हार, मग मोठे खेळाडू गेले, आणि संघ आधी ४३-१०९, पुढच्या वर्षी ३६-११७. मॅकच्या नावावर ३,७३१ विजय आहेत आणि ३,९४८ पराभव, त्यामुळे पराभवांची पानंही तितक्याच बारकाईने लिहिणार आहे.