तुम्ही विचारलेत म्हणून: गॅमा किरणांची दुर्बीण चंद्रावर का नेत नाहीत?

इंदूरला रामबागेत माझ्या गच्चीवर आकाश पाहायला येणारी मुले, आणि २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरल्यापासून त्यांचे आईवडीलही, एक प्रश्न हमखास विचारतात: गॅमा किरण (प्रकाशाचाच सर्वाधिक ऊर्जेचा प्रकार) हवेत अडतात आणि चंद्रावर हवाच नाही, तर दुर्बीण तिथेच का नेत नाहीत?

तर्क चोख आहे. कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी हवेबाहेर जावेच लागते, आणि २००८ पासून फर्मी उपग्रह तेच करतो आहे.

अति उच्च ऊर्जेची अडचण निराळी, ती संख्येची. क्रॅब तेजोमेघाकडून, म्हणजे एका स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषाकडून, एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टहून (कणांची ऊर्जा मोजायचे एकक) अधिक ऊर्जेचे फोटॉन, म्हणजे किरणांचे सुटे कण, एका चौरस मीटरवर वर्षभरात जेमतेम सहा पडतात. पृथ्वीवर मात्र असा फोटॉन वरच्या हवेत आदळला की कणांची सर कोसळते आणि तिच्यासोबत चेरेनकोव्ह प्रकाशाची (हवेत प्रकाशाहूनही वेगाने धावणाऱ्या कणांमुळे उमटणाऱ्या प्रकाशाची), सेकंदाचे काही अब्जांश टिकणारी, निळसर झाक जमिनीवर शे-सव्वाशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरते. त्या वर्तुळात कुठेही आरसा असला तरी फोटॉनची वर्दी मिळते. लडाखमधल्या हानले येथील २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण याच तत्त्वावर चालते, आणि आपल्याच पचमढीला २५ दुर्बिणींचा संच याच कामासाठी उभारला गेला होता. ज्या हवेला आपण अडसर म्हणतो, तीच इथे उपकरणाचा मोठा भाग आहे.

चंद्रावर हवा नसल्याने फोटॉन थेट जमिनीवर आदळेल आणि ही सर दोन-तीन मीटर मातीतच जिरून जाईल. शिवाय विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, माऱ्याने ती माती स्वतःच गॅमा किरण सोडते. फर्मीला शांत सूर्यापेक्षा चंद्र अधिक तेजस्वी दिसतो. अर्थात हा उजेड खालून येणारा आणि मुख्यतः कमी ऊर्जेचा, म्हणून मी त्याला दुय्यम अडचण मानतो.

तरीही चंद्राला मी बाद करणार नाही. फर्मीवरचे मुख्य उपकरण पावणेतीन टनांचे आहे, आणि कणांची सर पूर्ण जिरवण्याइतके जाड उपकरण अवकाशात नेणे वजनापायी परवडत नाही. चंद्रावर ते वजन मातीच्या रूपाने आयतेच पडलेले आहे. तिच्यात विस्तीर्ण क्षेत्रावर संवेदक पुरता आले, तर मोजणी तिथेच होऊ शकेल. पण हे खोदकाम करणार कोण, हा प्रश्न मुलांनी अजून विचारलेला नाही.

सध्या तरी चंद्राची या कामात अडचणच होते, कारण भर चांदण्यात चेरेनकोव्ह दुर्बिणी सहसा बंद ठेवाव्या लागतात. माझ्या गच्चीवर मात्र नेमकी त्याच रात्री गर्दी असते.