टाळ अजून वाजतोय

इव्हिनिंग ड्युटी करून आले, जेवण झालं, भांडी आवरली, आता झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. वॉर्डात कुणी आवाज चढवला की सगळे चिडीचूप होतात आणि बघणाऱ्याला वाटतं वा, काय वचक आहे, पण मला त्या शांततेची खरंच भीती वाटते. त्या गप्प बसलेल्यांमध्ये एखादी पोरगी अशी असते की जिला काहीतरी गडबड दिसलेली असते आणि ती बोलत नाही.

आज दुपारी चारच्या सुमाराला दोन अॅडमिशन एकदम आल्या, दाराशी नातेवाइकांची गर्दी, मावशी एकटीच, आणि रेसिडेंट डॉक्टरांना कॅज्युअल्टीतून फोन आला म्हणून ते चालता चालताच एका बेडकडे हात करून म्हणाले की यांना केसीएल लावा, आणि गेले. आमच्याकडे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून यंदाच लागलेली एक स्टाफ नर्स आहे, तिच्याकडे तो बेड होता. ती अॅम्प्युल, म्हणजे औषधाची छोटी कुपी, हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि नुसती उभी राहिली. मी रजिस्टरमधून मान वर केली तेव्हा म्हणाली, "सिस्टर, एक विचारू का, रागावणार नाही ना?"

जे नर्सिंगमध्ये नाहीत त्यांच्यासाठी सांगते, केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की देतात, रोजचं औषध आहे, पण अॅम्प्युल फोडून तसंच थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. ते सलाइनमध्ये मिसळून, नीट हलवून, हळूहळूच द्यायचं असतं, हाताच्या शिरेतून देताना साधारण ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आत, आणि म्हणूनच ते बाकीच्या इंजेक्शनांबरोबर ट्रेमध्ये कधी ठेवायचं नाही, वेगळं ठेवायचं. तिला किती, कशात आणि किती तासांत यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तोच विचारायला ती घाबरत होती!

मी म्हटलं, "विचारलंस ते फार बरं केलंस, चल, फोन लावू." नंबर मी लावला पण बोलायला तिलाच सांगितलं, मी फक्त शेजारी उभी राहिले. सुरुवातीला आवाज कापत होता. मग तिने डोस विचारला, कुठल्या सलाइनमधून ते विचारलं, रेट विचारला, कागदावर लिहून घेतलं आणि लिहिलेलं सगळं परत वाचून दाखवलं. डॉक्टरही चांगले, ते म्हणाले बरोबर आहे, आणि विचारलंत ते बरं केलंत, नंतर येऊन ऑर्डरवर सही करून गेले. पाच मिनिटांचं काम. पण त्यानंतर ती पोरगी वॉर्डात ज्या पद्धतीने चालत होती ना, ते बघून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

फोन मीच केला असता तर लवकर झालं असतं हे खरं, पण मग पुढच्या वेळी ती परत माझ्याच टेबलाशी येऊन उभी राहिली असती, आणि मी नसते तेव्हा काय? नाइटला दोनच जणी असतात.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला असते तेव्हा लहानपणी आम्ही समाज आरतीला जायचो. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी एकदा तरी बघाच. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा इतका गजर की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मग चोपदार हातातला चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. हजारो माणसं, एक दंड, ना शिट्टी ना आरडाओरडा. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही! सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतोय. चोपदार तिकडे जातात, काय झालंय ते विचारतात, त्यातून मार्ग काढला जातो, आणि मग तो टाळ थांबतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि आरती होते.

पालखी सोहळ्याला आजचं हे रूप दिलं ते हैबतबाबांनी, १८३२ च्या आसपास. तेही आमच्याच जिल्ह्यातले, आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. वारीची शिस्त लष्करातून आली असं म्हणतात ते त्यामुळेच. पण मला राहून राहून आश्चर्य वाटतं की एवढ्या कडक शिस्तीतसुद्धा नाराज माणसाला बोलायची जागा ठेवलेली आहे, आणि तीही सगळ्यांसमोर, आरतीच्या आधी, आणि टाळ वाजवत राहणाऱ्याला कुणी बेशिस्त म्हणत नाही. मोठ्या माणसाने त्याच्याकडे चालत जायचं, त्याने येऊन हात जोडायचे नाहीत.

ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, पोस्टिंग होतं तेव्हा सर्जिकल चेकलिस्ट शिकवली होती, डब्ल्यूएचओची, २००८ ची. त्यात चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं आणि प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, सर्जनपासून नर्सपर्यंत. पहिल्यांदा सगळ्यांना ते जरा अवघड वाटायचं, रोज एकत्र काम करणाऱ्यांनी नाव काय सांगायचं! पण सांगणाऱ्या मॅडमनी समजावलं होतं की ज्याने एकदा तोंड उघडलं तो पुढे काही चुकताना दिसलं तर परत उघडतो. ८ देशांतल्या ८ हॉस्पिटलांमध्ये ती वापरून बघितली, त्यात आपलं दिल्लीचंही एक होतं, आणि २००९ मध्ये आकडे छापून आले तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेले होते. नाव सांगणं हा त्यातला एक भाग झाला, बाकी बऱ्याच गोष्टी असतात, पण मला तो भाग फार महत्त्वाचा वाटतो.

आता याचा अर्थ सगळ्यांना हो हो म्हणायचं असा कुणी घेऊ नये. आज त्याच गडबडीत दाराशी दहा-बारा जण आत घुसायला बघत होते, एक दादा तर चांगलेच तापलेले, त्यांची आई आत होती, माणूस घाबरला की तापतोच. मी बाहेर गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हळू आवाजात सांगितलं, "दादा, आईंना सलाइन चालू आहे, रक्त तपासायला गेलंय, रिपोर्ट आला की मी स्वतः येऊन सांगते. आत एकच जण थांबेल, कोण थांबतंय ते तुम्ही ठरवा." एकच जण म्हणजे एकच, त्यात मी काही सूट दिली नाही. आणि रिपोर्ट आल्यावर खरंच गेले सांगायला, कारण त्या माणसाने माझ्या शब्दावर बाहेर बाकावर दीड तास काढला होता. सांगितल्यावर नुसतं "बरं ताई" म्हणाले, मग पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

आणखी एक. आमच्यातल्या एक सीनिअर बाई एका स्टुडंटला पेशंटच्या समोर बोलत होत्या, शिर सापडली नाही म्हणून. मी मध्ये पडले, म्हटलं ताई, जरा स्टोअरमध्ये येता का, आणि तिथे दार लोटून स्पष्ट सांगितलं की चूक दाखवा, जरूर दाखवा, पण पेशंटसमोर नको, त्या आजी आता तिला हात पुढे करणार नाहीत. ताईंना आवडलं नाही हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण मला हे बोलणं गरजेचं वाटतं, आणि त्या स्टुडंटने बघितलं की आपल्या बाजूने कुणी उभं राहिलं. दहा मिनिटांनी त्याच ताईंनी तिला शेजारच्या बेडवर शिर कशी चाचपायची ते बोट धरून दाखवलं, हात गरम पाण्याने शेकून घे म्हणाल्या, वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांच्या बोटांत, तो या पोरींना मिळायलाच हवा.

उद्या मॉर्निंग आहे. मी ठरवलंय की हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, सगळ्यात ज्युनिअर पोरीला आधी बोलायला सांगायचं, आपल्या पेशंटबद्दल काय खटकतंय ते, आणि तिचं पूर्ण होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. सीनिअर ताईंना आधी विश्वासात घ्यायला हवं, म्हणून पंधरा मिनिटं लवकर जाणारे, चहा होतो तेवढ्यात सांगून होईल.