माळव्याची अफू आणि मुंबईचा परवाना

अफूची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनी सरकारकडे होती, मग मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्यात पैसा केला कसा, असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो: ती मक्तेदारी बंगालपुरती होती.

पाटणा-गाझीपूरकडे कंपनी शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देई, अफूचा सगळा चीक ठरल्या भावाने उचले आणि तयार माल कलकत्त्यात लिलावाला काढी. माळव्यातली शेतं मात्र होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात. तिथे कंपनीचा हुकूम चालत नसे.

मालही निराळा. दुपारी खसखशीच्या बोंडांना चिरा द्यायच्या, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडायचा आणि सुकू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवायचा. पुढे तेल निथळवून तो मळायचा, गोळे करून पाल्यात गुंडाळून वाळवायचे. पेटीत सुमारे 140 पौंड माल बसे. ओलसर माल भरला तर वाटेत वजन घटणार, म्हणजे तोटा व्यापाऱ्याचाच.

हा माल अडवायला कंपनीने आधी मुंबई बंदरातून त्याची निर्यात बंद केली. तो पोर्तुगीजांच्या दमणहून जाऊ लागला. मग कंपनी स्वतःच खरेदीला उतरली, संस्थानिकांशी करार केले. शिंदे त्यात आले नाहीत. खरेदीमुळे भाव चढले, तशी लागवड वाढली. पाली, जैसलमेर, कराची असा वाळवंटातला लांबचा फेरा घालून माल दमणला पोचवणंही परवडू लागलं.

तेव्हा कुठे कंपनीने हट्ट सोडला. 1830-31च्या सुमारास ठरलं की पेटीमागे 175 रुपये भरा, परवाना घ्या आणि माल खुशाल मुंबईहून न्या. 175 जास्त झाले, माल कराचीकडेच वळत राहिला. 1835 मध्ये दर 125 वर आला. दर ठरत होता तो कराचीच्या वाटेला येणाऱ्या खर्चावरून, हे माझ्या मते या सगळ्या व्यवहाराचं मर्म आहे.

हा माल चीनला जाई, आणि तिथे अफूला बंदी होती. कंपनी लिलावाचे आणि परवान्याचे पैसे घेई. माल नेण्याची जोखीम खासगी व्यापाऱ्यांची. ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आपण रोज पाहतो, ते जमशेटजी जीजीभॉय जार्डिन-मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी पेढीबरोबर हाच व्यापार करत. 1839 मध्ये चिनी बादशहाचे खास अधिकारी लिन झेशू यांनी चीनच्या कँटन बंदरातल्या परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या वखारीत कोंडून 20,283 पेट्या ताब्यात घेतल्या. कँटनजवळच्या हूमन इथे खड्ड्यांत पाणी, मीठ आणि चुना घालून गोळे विरघळवले आणि तो राडा समुद्रात सोडला. इंग्रज अधिकारी एलियट यांनी सरकारच्या नावाने या मालाच्या भरपाईची जबाबदारी घेतली होती. पुढे युद्ध झालं, आणि ते संपवणाऱ्या 1842च्या तहात चीनकडून अफूपोटी 60 लाख डॉलर वसूल झाले. बंदी मोडणाऱ्यांचं नुकसान बंदी घालणाऱ्याने भरून द्यावं, हा अन्याय मला आजही डाचतो.

1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला. कराचीची वाट बंद झाली, आणि परवान्याचा दर 1845 मध्ये 300, तर 1847 मध्ये 400 रुपये झाला.