दंडाची पावती

आज डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर वनहक्काचे दावे लिहायला बसलो होतो. एका आजींनी कनवटीची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि चार घड्या घातलेली १९८८ सालची अतिक्रमणाच्या दंडाची पावती समोर ठेवून, गुन्हा कबूल करावा तशा आवाजात विचारले, "ही फाडून टाकू का?"

२००६ चा वनहक्क कायदा जंगलात राहणाऱ्या आदिवासींना ते कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देतो; त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. त्यामुळे ज्या कागदाने आजींना अतिक्रमक ठरवले, तोच आज त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, हे समजावताना मलाच हसू आवरेना. दुसरा पुरावा म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या बाबांचा जबाब लिहून घेतला, कारण कायद्याला वडीलधाऱ्यांचे लेखी कथनही चालते. आजींचा आधीचा दावा 'पुराव्याअभावी अमान्य' एवढ्या शेऱ्यानिशी परत आला होता. पुरावा कशाला म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

कायदा चार हेक्टरांपर्यंत हक्क देतो; आजींची जमीन दीड एकरही भरत नाही. (चळवळीचा निम्मा वेळ झेरॉक्सच्या दुकानात जातो, हे मोर्च्याच्या फोटोंत दिसत नाही.)

दाव्याला झेरॉक्स जोडली. मूळ पावती आजींनी पुन्हा घडी घालून कनवटीला लावली.